कॅसेटमधली कुस्ती

३ ऑगस्ट, रविवार
माळा आवरला. म्हणजे सौ.नं आवरला, मी शिडी धरली. माझा जुना होम कॉम्प्युटर सापडला! रबरी बटणांचा, कॅसेटवरून प्रोग्रॅम घेणारा. कॅसेटही सापडली. कॉलेज संपल्यावर मी स्वतः लिहिलेला डेमो, म्हणजे पडद्यावर हलत्या चित्रांचा छोटा प्रोग्रॅम: लाल मातीचा आखाडा, दोन पैलवान, मागे हलगी. पैलवान भिडले की त्यांचे रंग एकमेकांत उतरायचे. जाणकार याला मशीनची मर्यादा म्हणायचे. मी म्हणायचो, मातीत लोळल्यावर रंग उतरणारच.

४ ऑगस्ट
आमची अनुजा पुण्यात गेम बनवते. चित्रं, हालचाल, सगळं तीच. हा गुण कुणाचा, यावर घरात जुना वाद आहे. सौ. म्हणते, तिच्या भावाचा. तो हुपरीत पैंजणांवर नक्षी काढतो. पोरगीही मामाची बोटं आलीत असं सांगत फिरते. मला काही वाटत नाही.
वाटतं. फार वाटतं. तिनं एकदा डेमो बघितला की विषय संपला.

७ ऑगस्ट
ठरलं. गणपतीला अनुजा येणार. तालमीच्या मांडवात, अख्ख्या गल्लीदेखत डेमो दाखवायचा. मंडळाचा अध्यक्ष पृथ्वीराज म्हणाला, काका, दणक्यात करूया की, काळजीच न्हाय. उद्यापासून रोज एक तास सराव.

८ ऑगस्ट
सराव नाही. आमच्या नव्या टीव्हीला कॉम्प्युटरची वायरच बसत नाही. शेजारच्या बनाबाईंचा जुना डबा टीव्ही मागितला. त्यावर त्यांनी तुळस ठेवलीय. म्हणाल्या, न्या की, पण तुळशीला जागा कोण बघणार? तुळस आता आमच्या दारात.

१४ ऑगस्ट
कॉम्प्युटर चालू! डेमो मात्र लोड होत नाही. कॅसेट लावली की टेपमधून प्रोग्रॅमची ती ओळखीची किंचाळी, पडद्याच्या कडेला पळते रंगीत पट्टे, मग एरर. कारण उघड आहे. सौ.चा मिक्सर चालू होता. तिला म्हणालो, चटणी पाट्यावर वाट. त्यावर ती जे म्हणाली ते लिहीत नाही.

२० ऑगस्ट
टेपचा पट्टा सैल झालाय. दुधाच्या पिशवीचा रबर लावला. आखाडा आला, पैलवान आले नाहीत. म्हणजे निम्मं यश. बाकीचं आयत्या वेळी होतं.

२६ ऑगस्ट
अनुजा आली. म्हणाली, बाबा, कॅसेट द्या, फाईल करून लॅपटॉपवर लगेच चालवते. नको म्हणालो. लॅपटॉपवर कुणीही चालवेल.

३० ऑगस्ट, सकाळ
आज संध्याकाळी. इस्त्रीचा शर्ट. साउंडवाल्या आदर्शला एकच सूचना दिली: टेपचा आवाज फुल पाहिजे, नाहीतर लोड होत नाही. म्हणाला, व्हय काका, फुल म्हंजे फुल.

३१ ऑगस्ट
चूक माझी नाही. आमच्या तालमीत फुल आवाज म्हणजे समोरच्या घराच्या काचा हलल्या पाहिजेत, याला दुसरा अर्थच नाही. आदर्शनं टेपची वायर कॉम्प्युटरमधून उपटली आणि मंडळाच्या स्पीकरला जोडली.
किंचाळी सगळ्या गल्लीत. मग हलगीवाल्यानं ठेका धरला आणि पोरं सुटली. मी वायर! वायर! म्हणून ओरडलो. पोरांना वाटलं गाण्याचे बोल आहेत. सगळी गल्ली वायर वायर करत नाचली. पडद्याकडं कुणी बघितलं नाही, आणि पडद्यावर काही नव्हतंही.
वन्स मोअर झाला. त्यात टेपनं कॅसेट खाल्ली. फीत तुटली ती तुटलीच. अनुजा फोनवर रेकॉर्डिंग करत डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. पृथ्वीराज म्हणाला, काका, पुढल्या वर्षी मिरवणुकीला ह्योच ट्रॅक.

२ सप्टेंबर
डेमो नव्यानं लिहिणार. सगळं डोक्यात आहे. उद्या सुरुवात.

९ सप्टेंबर
डोक्यात फक्त आखाडा आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार
अनुजानं तिचा नवा गेम फोनवर पाठवला. शेवटी नावं येतात. चित्रांची प्रेरणा: मामा. सौ.नं मोठ्यानं वाचलं, मग भावाला फोन लावून परत वाचलं. तेवढ्यात खाली मी दिसलो.
हरल्यावर येणारा आवाज: बाबा.
मांडवातली ती किंचाळी. खेळणारा खड्ड्यात पडला की वाजते. मी अनुजाला फोन केला. म्हणालो, निदान जिंकल्यावर तरी ठेवायची होतीस. म्हणाली, बाबा, लोक जिंकतात कमी, हरतात जास्त, तुम्हीच जास्त ऐकू येणार. वाईट वाटलं. बरंही वाटलं.
दुपारपासून खेळतोय. सौ. आत्ता मागे येऊन बघून गेली. म्हणाली, पयलाच खड्डा हाय, बारकं पोरगं पण उडी मारंल, तुमास्नी तेवढंबी जमंना व्हय?
जमतंय. मुद्दाम पडतोय.