ती काच माझ्या हातून गेली नाही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, पदार्थविज्ञानाची पदवीधर, वडिलांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मागच्या खोलीत बसून गेली अठ्ठेचाळीस वर्षे जुन्या अॅम्प्लिफायरच्या आणि रेडिओ-रिसीव्हरच्या सुटलेल्या दर्शनी काचा बसवत आले आहे. हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डोळेही ठिकाणावर आहेत. डोळ्यांचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण पुढे येईल. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही; दबाव आणण्याची हिंमत या घरात कोणात नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. गेल्या महिन्यात छातीत कळ येऊन आठ दिवस दवाखान्यात पडून होते. तिथे छताकडे बघताना लक्षात आले की मी गेले तर एक खोटी गोष्ट माझ्या नावावर मागे राहील. ती राहू नये म्हणून हा कागद.

कलम १. दुकानावरच्या दोन खोल्या माझ्या एकटीच्या नावावर आहेत. त्या मी माझ्या भावजयीला देते. तिला एकटीला, तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, नव्हे. त्याने तिथे राहायचे असेल तर तिला विचारून राहावे. रस्त्याकडची खिडकी पावसात फुगते. ती ढकलू नये, खालून उचलून लावावी. हे धाकट्याला वीस वर्षे सांगते आहे.

कलम २. बँकेत जे काही असेल त्यातून माझे क्रियाकर्म साधेपणाने करावे आणि उरेल ते भावजयीने घ्यावे. माझ्या फोटोला हार घालू नये. फोटो लावूच नये.

कलम ३. दुकानावरची पाटी. ती पाटी वडिलांनी रंगवून घेतली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि आठवड्याला सहा काचा बसवत होते. धाकटा शाळेत होता आणि त्याला सोल्डरिंग आयर्न कुठल्या टोकाने धरतात हेही माहीत नव्हते. पाटीवर आले ‘आणि चिरंजीव’. मी वडिलांना विचारले, “आणि मी?” ते म्हणाले, “तू घरचीच की.” वडील माणूस म्हणून चांगले होते, पण त्या एका वाक्याबद्दल मी त्यांना माफ केलेले नाही आणि करणारही नाही. पाटी उतरवावी. तिचे लाकूड चांगले आहे. पालथी घालून फळी म्हणून वापरावी.

कलम ४. समोरच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला माझ्याकडून काहीही मिळू नये. तो गिऱ्हाइकांना सांगतो, “काच काढा हो, अॅक्रिलिक लावून देतो.” माझ्या कपाटातली एकही जुनी काच, तुटकीसुद्धा, त्याच्या दुकानात दिसता कामा नये.

कलम ५. आता ज्यासाठी बसले ते.

सोळा महिन्यांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका तिच्या नवऱ्याचा रिसीव्हर घेऊन आली. नवरा जाऊन वर्ष झाले होते. चाळीस वर्षे जुना सेट, दर्शनी काच पूर्ण रुंदीची, मागचा गोंद वाळून भुगा झालेला. बटण फिरवले की काच खुळखुळायची. मी तिला सांगितले, “बाई, दोन महिने थांबा. माझे डोळ्यांचे ऑपरेशन आहे, आधी एक, मग दुसरा. त्यानंतर पहिले काम तुमचे.” ती थांबायला तयार होती. सेट मागच्या खोलीत ठेवला, वर कापड घातले, आणि नेहमीप्रमाणे काचेवरची सगळी अक्षरे, आकडे, रेघा बटर पेपरवर उतरवून घेतल्या. कुठल्याही काचेला हात लावण्याआधी मी ते करते. वेड म्हणा.

माझ्या डोळ्यावर पट्टी असताना धाकट्याने ती काच काढली.

ज्याने हे काम केलेले नाही त्याला काच म्हणजे काच वाटते. या काचांवरचे आकडे पुढून दिसतात, पण छापलेले असतात मागच्या बाजूने. मागची बाजू म्हणजे काच नव्हे, ती चाळीस वर्षांची शाई असते. तिच्यावर कोरडा, मऊ ब्रश फिरवायचा, तोही श्वास रोखून. धाकट्याने तिच्यावर स्पिरिट ओतले आणि दुकानाचे शोकेस पुसतो तसे फडक्याने खसाखसा पुसले. निम्मे आकडे फडक्यावर आले. मग घाबरून त्याने काच झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवली. त्या गोंदाची वाफ बंद जागेत काचेवर पांढरी बसते आणि निघत नाही. म्हणजे अक्षरे गेली, वर काच आंधळी झाली. सुई पूर्वीसारखी फिरत होती, फक्त ती कुठे आहे ते कोणाला कळणार नव्हते.

इथपर्यंत चूक. चूक मी समजू शकते. माझ्याही हातून पहिल्या वर्षी दोन काचा गेल्या आहेत, आणि त्या मी दोघा गिऱ्हाइकांना तोंडावर सांगितल्या आहेत.

शिक्षिका सेट न्यायला आली तेव्हा मी मागच्या खोलीत होते. काळा चष्मा, दार अर्धे उघडे. धाकटा तिला म्हणाला, “काय करणार बाई, आमच्या ताईची नजर गेली आता. तिला कळलंच नाही काय पुसतेय ते.” आणि ती म्हणाली, “असू दे हो. वय कोणाला चुकलंय? त्यांना काही बोलू नका.”

तिने मला शिवी दिली असती तर मी उठून बाहेर गेले असते. तिने दया केली. मी खुर्चीवर बसून राहिले. भाऊ चार गिऱ्हाइकांसमोर खोटा पडू नये म्हणून गप्प बसले. या घरात मी हे काम काचांच्या कामाइतकेच वर्षानुवर्षे केले आहे, आणि त्याची मला हातून गेलेल्या त्या दोन काचांपेक्षा जास्त लाज वाटते. त्यानंतर महिन्याभरात गिऱ्हाइके काउंटरवर विचारू लागली, “ताईच करणार का? की दुसरं कोणी आहे?” तीन सेट परत गेले. धाकटा मान खाली घालून पावत्या लिहीत राहिला.

कलम ६. दुकानात माझा अर्धा हिस्सा आहे. तो धाकट्या भावाला मिळावा, पण पुढील अटीवर. माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात, फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली, त्या रिसीव्हरची नवी काच आहे. बटर पेपरवरून मी ती करून घेतली. स्क्रीन प्रिंटिंगवाल्याने पहिल्यांदा आकडे सुलटे छापले; मागून छापायचे म्हणजे उलटे छापावे लागतात हे त्याला तीनदा सांगितले होते. दुसरी काच कापताना गेली. तिसरी बरोबर आहे. ती काच धाकट्याने ~~माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आत~~ त्या शिक्षिकेच्या घरी नेऊन, तिच्यासमोर, स्वतःच्या हाताने बसवावी आणि पहिली काच कोणी बिघडवली ते स्वतःच्या तोंडाने सांगावे. न केल्यास माझा हिस्सा भावजयीचा.

कलम ७. माझी हत्यारेही धाकट्याला. पद्धत लिहून ठेवते, म्हणजे ‘कोणी सांगितलंच नाही’ हे उरणार नाही. आधी बटणे काढावीत, ओढून. पक्कड लावू नये. चौकटीला केस वाळवण्याच्या यंत्राने ऊब द्यावी, भाजू नये. जुना गोंद चौकटीवरून प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावा. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरू नये, ते धातू खाते, बिनवासाचे घ्यावे. चार कोपऱ्यांत आणि मधे दोन, मोहरीएवढे ठिपके. जास्त नको. आपल्यानंतर कोणाला ती काच पुन्हा काढावी लागेल, तेव्हा ती न फुटता निघाली पाहिजे. कागदी चिकटपट्टीने धरून ठेवावी आणि एक दिवस आडवी ठेवावी. एक दिवस म्हणजे एक दिवस, जेवण होईपर्यंत नव्हे.

इथपर्यंत लिहून झाले तेव्हा भावजय चहा घेऊन वर आली. कागद उघडाच होता. तिने उभ्याउभ्या वाचला. काच कोणी पुसली हे मला पहिल्यांदा तिनेच सांगितले होते, त्यामुळे तिला नवीन काही नव्हते. ती म्हणाली,

“वन्सं, हे तुम्ही गेल्यावर वाचायचं?”

“मृत्युपत्र आहे. लग्नपत्रिका नाही.”

“म्हणजे ते जाऊन सांगतील तेव्हा तुम्ही नसाल.”

“हिस्सा हवा असेल तर सांगेल. जाईल कुठे?”

“ते सांगतील हो. डोळ्यांत पाणी आणून सांगतील. आणि त्या बाई परत म्हणतील, असू दे हो, बिचारी गेली.” तिने चहा माझ्यापुढे सरकवला. “गार होतोय.”

चहा गारच झाला. एकदा दया झाली होती, ती मी चौदा महिने गिळली नाही. आता स्वतःच्या हाताने लिहून, स्वतःचा अर्धा हिस्सा देऊन दुसरी दया मागवत होते. मी भावजयीला म्हटले, “त्याला वर पाठव.”

धाकटा आला. वय एकसष्ट, तरी माझ्या खोलीत आला की दारातच उभा राहतो.

“वाच.”

त्याने चष्मा लावून वाचले. कलम पाचवर बराच वेळ थांबला.

“ताई, पट्टी निघेपर्यंत काम करून ठेवावं म्हटलं. तुला बरं वाटेल म्हणून.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, तुझ्या हातचं काम नाही.”

“नव्हतंच.”

“मग तू कधी शिकवलंस? मी दोनदा आलो होतो. दार लावून घेतलंस तू.”

हे खरे आहे. दोनदा आला होता, दोन्हीदा मी दार लावले. म्हणून ते इथे लिहिते. पण त्याने माझ्या डोळ्यांबद्दल जे सांगितले त्याची भरपाई याने होत नाही, आणि हे मी त्याला तिथल्या तिथे, आवाज चढवून, खालच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असे सांगितले. चौदा महिन्यांत पहिल्यांदा सांगितले.

कलम ८, दुरुस्ती. कलम ६ मधील ‘माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आत’ हे शब्द मी खोडले आहेत आणि खोडाखोडीवर सही केली आहे. त्याजागी ‘येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता, मी समोर हजर असताना’ असे वाचावे. शिक्षिकेला फोन केला आहे. मी स्टुलावर बसेन. काचेला हात लावणार नाही.

वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला आणि समजून सही केली. सही करताना दोन्ही साक्षीदार समोर होते आणि मी त्यांच्यासमोर हा कागद चष्मा न लावता मोठ्याने वाचून दाखवला.

सही: थोरली मुलगी, मागच्या खोलीतली

साक्षीदार १: घरचे डॉक्टर. (बाई पूर्ण शुद्धीत आहेत. रागात आहेत, पण शुद्धीत आहेत.)

साक्षीदार २: शेजारचे शिंपी

ठिकाण: दुकानावरची पुढची खोली. बुधवार, सकाळचे अकरा.

ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही. म्हणून धाकट्या भावाची खालची सही साक्षीची नाही, फक्त वाचल्याची आहे. त्याचे अक्षर त्याचेच आहे. मी सुधारलेले नाही.

वाचलं. शनिवारी येतो. पण बाईंशी मी बोलेन, ताईने मधे बोलायचं नाही. — धाकटा

मंजूर. मात्र हातात काच असताना त्यानेही बोलू नये.