रिंगखालची जागा

१ जानेवारी, सकाळ

संकल्प तीन. एक, रोज डायरी. दोन, गुडघ्याचे व्यायाम. तीन, टिंगीला बास्केटबॉलमध्ये पार वरपर्यंत नेणे. त्यातल्या त्यात तिसरा सोपा.

पोरगी नऊ वर्षांची. वर्गात सगळ्यांत बुटकी, म्हणून टिंगी. काल घरामागच्या कोर्टवर मोठ्या मुलांचा बॉल हिच्या पायाशी आला. तिने उचलून सहज फेकला, सरळ रिंगमधून खाली. मुलं म्हणाली फ्लूक. पुन्हा टाकला, पुन्हा आत. मुलांचे चेहरे बघण्यासारखे झाले. माझं चष्म्याचं दुकान आहे, लोकांच्या नजरा तपासण्यात माझं आयुष्य गेलं. नजर कशाला म्हणतात ते मला कळतं.

बायकोला सांगितलं, आपल्या घरात चॅम्पियन जन्मलीय. ती म्हणाली, चॅम्पियनला आधी दात घासायला सांगा.

२ जानेवारी

शिट्टी आणली. कोच मीच. गुडघ्याचे व्यायाम उद्यापासून, आज नवे बूट चावले.

९ जानेवारी, संध्याकाळ

पद्धत ठरली. टिंगी रेषेवरून बॉल टाकते. मी रिंगखाली उभा राहून बॉल परत देतो आणि प्रत्येक बॉलबरोबर एक सूचना. कोपर आत. डावा अंगठा लाव. नजर रिंगच्या मागच्या कडेवर. हे सगळं शास्त्रीय आहे, माझं मीच शोधलंय.

आज म्हणाली, बाबा, तू एकदा टाकून दाखव ना. दाखवला. बॉल बोर्डाच्या वरून पलीकडच्या झुडपात. समजावलं की कोचने टाकायचं नसतं, बघायचं असतं. म्हणाली, बरं, मग आता आण तो.

अंधार पडेपर्यंत टाकत होती. मध्येच विचारलं, दमलास का? म्हटलं, छे. पाय तुटायला आले होते. पण कोच दमला असं दिसता कामा नये.

१७ मार्च

दहा वर्षांखालच्या लीगची पहिली मॅच. टीममध्ये सगळ्यांत बुटकी टिंगी, सगळ्यांत जास्त पॉइंट टिंगीचे. शाळेचे सर बाकावर बसतात, कागदोपत्री कोच म्हणून. त्यांना मी मागून सांगत होतो. ते मानेने हो म्हणत होते, किंवा त्यांची मान दुखत असावी.

रेफरीने एक ढळढळीत फाउल दिला नाही. हाफटाइमला त्याला दुकानाचं कार्ड दिलं, वर 'तपासणी मोफत' असं लिहून. त्याने मला दोरीच्या बाहेर जाऊन बसायला सांगितलं. खरं तर दोरीबाहेरून खेळ जास्त चांगला दिसतो.

२ एप्रिल

रेफरी दुकानात आला. तपासला. डोळे एकदम उत्तम. दिवसभर मूड गेला.

११ ऑगस्ट

मध्ये तीन-चार वर्षं डायरी माळ्यावर गेली होती, त्याला मी काय करणार. टिंगी आता तेराची. उंचीने माझ्या कानापर्यंत आली, नाव मात्र तेच. जिल्ह्याच्या टीममध्ये आहे. उद्या फायनल.

डाव्या डोळ्याला पाव नंबर निघाला. मीच काढला. रात्रंदिवस खपून स्पोर्ट्स गॉगल बनवलाय, मागे इलॅस्टिकचा पट्टा. टिंगी नको म्हणते. बायको म्हणाली, पाव नंबरला चष्मा कशाला म्हणून तुम्हीच गिऱ्हाइकांना परत पाठवता. गिऱ्हाइकाची गोष्ट वेगळी, चॅम्पियनची वेगळी.

१२ ऑगस्ट

जिंकलो! पहिल्या हाफमध्ये गॉगलवर वाफ धरली. टिंगीने दोनदा पलीकडच्या टीमच्या मुलीला पास दिला. मग गॉगल काढून बाकाकडे भिरकावला आणि एकटीने मॅच फिरवली.

निष्कर्ष: गॉगलमुळे नजरेला आधी व्यायाम झाला, म्हणून काढल्यावर रिंग मोठी दिसली. पुढच्या वेळी मॅचआधी घालून काढायचा. गॉगल सध्या सापडत नाही. टिंगी म्हणते तिला काही माहीत नाही. बायकोही तेच म्हणते, पण हसत.

३ जून

अकादमीत निवड! सगळ्या ट्रायल्समधून दोनच मुली घेतल्या. शाळा, हॉस्टेल, सगळं तिकडेच. गाडीने अख्खी रात्र लागते.

तिथल्या कोच मॅडमना सांगितलं, काळजी करू नका, महिन्यातले पंधरा दिवस मी येऊन राहीन, कोचिंगमध्ये खंड नको. त्या म्हणाल्या, पालकांची भेट महिन्याच्या शेवटच्या रविवारी, चार ते सहा. माझा अनुभव सांगितला. स्वतः खेळलाय का, म्हणाल्या. म्हटलं, नाही, चष्म्याचं दुकान आहे. त्यांनी पुढच्या पालकांना आत बोलावलं.

१० जून

पोचवून आलो. शिट्टी तिच्या बॅगेत, कपड्यांच्या खाली ठेवली होती. घरी येऊन बघतो तर माझ्याच पिशवीत. कशी आली कळत नाही.

संध्याकाळी सवयीने कोर्टवर गेलो. कोणीच नव्हतं. रिंगखाली जरा उभा राहिलो. वाईट वाटलं. हात नुसते लोंबत होते, त्यांचं काय करायचं सुचेना. मग चार पोरं आली आणि म्हणाली, काका, सरका, आम्हाला खेळायचंय.

२८ जून, रविवार

पहिली भेट. टिंगीचा हात बदलून टाकलाय! डावा अंगठा काढला. कोपर भलतीकडेच. विचारलं, नजर तरी मागच्या कडेवर आहे ना. म्हणाली, नाही रे, मॅडम पुढच्या कडेवर सांगतात. आणि बॉल जास्त जातोय आत, असंही म्हणाली. नव्या वातावरणाने असेल.

दोन तासांतला दीड तास मैत्रिणींच्या गोष्टी. म्हटलं, चल, थोडे बॉल टाकू. म्हणाली, बाबा, आज एकच तर सुट्टी असते.

मॅडमना सविस्तर पत्र लिहिणार.

१ जानेवारी

संकल्प. मॅडमना पत्र. गुडघा. टिंगीला रोज फोन करायचा नाही, एक दिवसाआड. आजचा धरायचा नाही, नवीन वर्ष आहे. तीनदा केला. उचलला नाही. चौथ्यांदा बायकोने तिच्या फोनवरून केला. लगेच उचलला. नेटवर्कचं काही खरं नाही.

१९ फेब्रुवारी

डायरीचा खंड भरून काढत नाही, मुख्य तेवढं लिहितो. टिंगी सतरा वर्षांची, देशाच्या ज्युनिअर टीममध्ये! सहा फूट. घरी आली की बाथरूमच्या चौकटीला डोकं आपटते.

पेपरात फोटो, मुलाखत. सुरुवात कशी झाली, असा प्रश्न. उत्तरात शाळेचे सर, मग मॅडम, दोघांबद्दल भरभरून. मग एक ओळ: लहानपणी बाबा बॉल परत द्यायचे.

बॉल परत द्यायचे! बास? जागा कमी पडली म्हणून पुढचं कापलेलं दिसतंय. पेपरवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, ताईंनी एवढंच सांगितलं. बायको म्हणाली, मग त्यात खोटं काय आहे? तिच्याशी दोन दिवस अबोला धरला. तिच्या ते लक्षात आलं नाही.

७ नोव्हेंबर

टीव्हीवर मॅच. तिसऱ्या क्वार्टरला टिंगी उडी मारून खाली आली ती उठलीच नाही. गुडघा धरून पडली होती. आणि जाहिरात लागली. साबणाची. मी टीव्हीसमोर उभा राहून ओरडत होतो, अरे उचला तिला कोणीतरी. जाहिरात संपली तेव्हा खेळ चालू होता आणि टिंगी नव्हती.

तिचा फोन बंद, मॅडमचा बंद. बायको बॅग भरायला लागली. मी काय घेऊ, विचारलं. ती कपडे कोंबतच राहिली. मी क्रेप बँडेज घेतलं.

९ नोव्हेंबर

पोचलो. ऑपरेशन केव्हाच ठरलं होतं. डॉक्टर, फिजिओ, मॅनेजर, मॅडम, खोली नुसती भरलेली. मी दाराशी. बँडेज खिशात.

टिंगीने मला बघितलं आणि रडायला लागली. तोपर्यंत एक टिपूस काढलं नव्हतं म्हणे. सगळे माझ्याकडे बघायला लागले. इतक्या वर्षांत प्रत्येक बॉलमागे एक सूचना दिली, आज एकही सुचली नाही. आपल्या हातात काहीच नसतं. पाणी आणून दिलं. तिच्या उशाशी भरलेली बाटली होती. तरी माझ्याकडचंच प्यायली.

५ जून

वर्ष-दीड वर्ष गेलं त्यात. परत उभी राहिली, परत खेळली. आणि काल बातमी: टिंगी प्रोफेशनल झाली! परदेशातला क्लब, रीतसर करार. मिठाई वाटली, दुकानात येईल त्याला सांगतोय. गिऱ्हाइकांच्या चष्म्याचे नंबरसुद्धा नीट काढता येत नाहीयेत.

मी सप्टेंबरात तीन आठवड्यांसाठी जाणार. ठरलं. मधल्या काळात तिच्यावर नको नको ते प्रयोग झाले, आता पुन्हा मूळ पद्धत. ती रेषेवर, मी रिंगखाली. आता नुसता बाप म्हणून दाराशी उभं राहायचं नाही. बायको म्हणाली, तुमच्या गुडघ्याचं काय? म्हटलं, तीन महिने आहेत, उद्यापासून व्यायाम.

१४ सप्टेंबर

तिकीट, पासपोर्ट, शिट्टी. व्यायाम राहिला. तिकडे हवा चांगली आहे म्हणतात.

२१ सप्टेंबर, दुपार

आज टिंगीने क्लबचा हॉल दाखवला. लाकडी जमीन आरशासारखी. मी सरळ रिंगकडे निघालो. रिंगखाली, माझ्या जागेवर, एक मशीन उभं.

वर मोठी जाळी, त्यात बॉल पडतो, खालून मशीन तो परत फेकतं. मान फिरवून बरोबर खेळाडूकडे. पुढच्या बाजूला चिकटपट्टी आणि तिच्यावर मार्करने आपल्या भाषेत लिहिलेलं: बाबा. टीममधल्या मुली जगभरच्या, कोणाला आपला एक शब्द येत नाही, पण मशीनला सगळ्या बाबाच म्हणतात. एकीने येता जाता त्याला प्रेमाने थोपटलं.

मला काय वाटलं ते अजून ठरत नाहीये.

टिंगीने मशीन ढकलून बाजूला केलं. म्हणाली, चल बाबा, पहिल्यासारखं. उभा राहिलो. बॉल आला, रिंगला न लागता जाळीतून खाली, थेट माझ्या हातात. परत दिला. पुन्हा तसाच. सूचना द्यायला तोंड उघडलं, पण सांगण्यासारखं काही चुकतच नव्हतं. शिट्टी खिशात राहिली. फार आनंद होत होता.

ती थांबली नाही. मी छे म्हणण्याच्या तयारीत होतो, पण या वेळी तिने विचारलंच नाही, दमलास का. शेवटी गुडघाच गेला आणि मी त्या आरशासारख्या जमिनीवर बसलो. क्लबचा फिजिओ धावत आला. बर्फ बांधला, खुर्ची दिली, कोर्टच्या रेषेबाहेर.

टिंगीने जरा वेळ माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग घड्याळ बघितलं. प्रॅक्टिस अर्धीच झाली होती. मशीन परत रिंगखाली आणून बटण दाबलं. ती टाकतेय, ते देतंय. दर वेळी बरोबर छातीच्या उंचीवर. माझे पास जरा खाली जायचे.

खुर्चीवरून विचारलं, हे नाव कोणी ठेवलं? म्हणाली, मीच. का, म्हटलं. बॉल टाकत टाकतच म्हणाली, अरे, ते कधी दमत नाही ना, म्हणून.

गुडघ्यावरचा बर्फ वितळून मोज्यात उतरत होता.