त्याचा निळा शर्ट

तर पप्पा, तो शर्ट अजून माझ्याकडेच आहे. धुतलाय, इस्त्री केलाय, आणि चार दिवस माझ्या टेबलावर पडलाय. त्याच्या घरी न्यायची माझी हिंमत होत नाही.

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, म्हणून आधी सांगतो. आता नगरमध्ये सायबर कॅफे निघालेत. कॉम्प्युटरवर बसून जगात कुणाशीही टाइप करून गप्पा मारता येतात, त्याला चॅटिंग म्हणतात. मी त्यात पार वेडा झालोय. आपल्या केबलवाल्याचा लोकल चॅनल आहे, त्यांना ‘नेटवरची मैत्री आणि खरी मैत्री’ यावर बोलायला एक तरुण मुलगा हवा होता. कॅफेवाल्याने माझं नाव दिलं. मी पांढरा शर्ट घालून गेलो. कॅमेरावाला, तोच जो लग्नाचं शूटिंग करतो, म्हणाला, "पांढरा चमकतो, दुसरा घाल." तेव्हा ह्याने, गॅरेज बंद ठेवून मला बघायला आलेल्या आपल्या शेजारच्याने, अंगातला निळा शर्ट काढून मला दिला. खास माझ्यासाठी नवा घालून आला होता. स्वतः बनियनवर, खांद्यावर नॅपकिन टाकून कॅमेऱ्यामागे बसला.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुझा सगळ्यात जवळचा मित्र कोण?" मी म्हणालो, टोरांटोचा एक मुलगा. गल्लीतल्या पोरांशी काय बोलणार, त्यांचं जग गॅरेज आणि क्रिकेटपुरतंच. मनातलं बोलायला इथे कुणीच नाही.

त्याचा शर्ट घालून बोललो मी हे, पप्पा.

शूटिंग संपल्यावर मी शर्टची बटणं काढायला लागलो, तर तो म्हणतो, "राहू दे. टीव्हीवर यायचाय अजून तो." आणि तसाच बनियनवर भर रस्त्याने चालत गॅरेजला गेला. संध्याकाळी कार्यक्रम लागला तेव्हा आईने अख्खी गल्ली बोलावली होती. त्याची आई पहिल्या रांगेत. माझं वाक्य संपलं आणि ती हळूच म्हणाली, "शर्ट आमच्या पोराचा हाय जनू." आईने उठून टीव्ही बंद केला. तुम्ही गेलात तेव्हा दहा दिवस आपली चूल पेटली नव्हती. ह्याच बाईची पिठलं-भाकरी आम्ही खाल्ली.

मला माझा दहावा वाढदिवस आठवतोय. इंग्लिश स्कूलची मुलं येणार म्हणून मी त्याला बोलावलं नव्हतं. तुम्ही वर्कशॉपमधून आलात, हाताला ग्रीस तसंच. केकवरची सुरी उचलून घेतलीत आणि विचारलंत, "तो कुठाय?" सगळे पाहुणे ताटकळले, आणि तुम्ही स्वतः जाऊन त्याला हाताला धरून आणलंत. मला एवढंच म्हणालात, "परत असं करू नको."

केलं.

टोरांटोवाल्याला मी हे सगळं लिहिलं, तीन पानं. दोन दिवसांनी उत्तर आलं, वा, टीव्हीवर आलास, मस्त. पप्पा, त्याचं खरं नावसुद्धा मला माहीत नाही. इकडे शेजारी, शर्टवाल्याच्या दारात, दोनदा गेलो. त्याची आई म्हणाली, "झोपलाय." आत त्याचा रेडिओ चालू होता. जेवण जात नाही, कॅफेत पाऊल टाकवत नाही. आणि काल आईला नळावर कळलं, त्याला भोसरीच्या कंपनीत काम लागलंय. उद्या सकाळी सातच्या एसटीने जातोय. मला सांगितलंच नाही.

हे पत्र कुठे टाकणार, वहीतच राहील. म्हणून एक खरं लिहितो, जे आईलाही सांगितलं नाही. बाईंनी विचारलं तेव्हा तोंडात आधी त्याचंच नाव आलं होतं. मग त्याचं बनियन दिसलं, काळी नखं दिसली, आणि मी नाव गिळलं. मला लाज वाटली.

या वेळी त्याला हाताला धरून आणायला तुम्ही नाही. सकाळी शर्ट घेऊन स्टँडवर जाऊ का? का त्याला वाटेल, वस्तू परत करून मोकळा व्हायला आलाय? तुम्हाला काय वाटतं, पप्पा?