डुकरांसाठी

सावेडी, नगर
ता. ९ जानेवारी १९७१

ती. अंबिकाताईस,
माधवचा शि. सा. न. वि. वि.

संक्रांतीचा हलवा लीनाने करायला घेतलाय, पोचेल तेव्हा गोड मानून घे. आधी माझी बातमी. भंगारात कुलपं शोधताना बंदुकीचा एक अर्धवट सांगाडा हाती लागला. कुणीतरी काम मध्येच सोडलेलं. आता कचेरी सुटली की मी आणि माझी कानस! लोखंडाचा कीस पोळीत येतो म्हणून लीना म्हणते, यापेक्षा सवत परवडली असती.

अर्धवट वस्तू पुरी करण्यातलं सुख तुझ्यासारख्या विणणारीला काय सांगावं? मला ती उडवायची नाही. पुरी झालेली बघायची, बस्स.

भाऊजींना नमस्कार. धाकट्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझा माधव


कोल्हार
ता. २४ जानेवारी १९७१

चि. माधव यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून अंगावर काटा आला. गजराचं घड्याळ खोललंस तेव्हा अण्णांचा मार खाऊन सुटलास. आता परवान्याशिवाय घरात बंदूक बनवतोस, नोकरी जाईल आणि तुरुंगात जाशील. विणकाम म्हणे! माझा स्वेटर कुणाचा जीव घेत नाही.

शिवाय पत्र आधी यांच्या हाती पडलं. कधी पुरी होईल, हे दोनदा विचारून झालं. उसात रानडुकरं शिरतात, त्यांच्यासाठी हवी म्हणतात. अरे, डुकरं ऊस उभा आहे तोवरच. तोड झाली की आपोआप जातील. मला धास्ती निराळीच आहे. यांचे चुलतभाऊ सहादेवभावजी आमच्या पाळीचं पाटाचं पाणी पुन्हा आपल्या शेतात वळवून घ्यायला लागलेत. तेव्हापासून हे भरल्या ताटावरून उठतात, कुणाशी बोलत नाहीत. माझं ऐक, ते लोखंड नदीत टाक.

लीनाला आशीर्वाद. रागावले तरी माया तीच आहे.

तुझी ताई


सावेडी, नगर
ता. ६ मार्च १९७१

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस. पुरी झाली! माळावर नेऊन एकदा उडवलीसुद्धा. दचकलो, पण खरं सांगतो, छाती फुगली.

गुरुवारी भाऊजी आले होते. तू उगाच घाबरतेस, माणूस किती शांत! लीनाच्या पुरणपोळीचं कौतुक केलं, माझ्या कामाचं तर फारच. डुकरांनी ऊस पार नासवला म्हणाले. मी बंदूक दिली. लीनाच्या माहेरच्या निळ्या सतरंजीत नीट गुंडाळून त्यांनी नेली. तुला सांगू नको म्हणाले होते, पण तुझ्यापासून मी कधी काही लपवलंय?

निदान कुणाच्या उपयोगी पडली. आशीर्वाद असू दे.

तुझा माधव


कोल्हार
ता. ६ मार्च १९७१

चि. माधव यास अनेक आशीर्वाद.

आज मन हलकं आहे, म्हणून सकाळीच लिहायला बसले. आमचा ऊस मागच्या महिन्यातच तुटून कारखान्यात गेला. रान मोकळं झालं, डुक्कर औषधालाही दिसत नाही. तेव्हा तुझं ते खेळणं आता तरी टाकून दे.

हेही निवळलेत. परवा नगरहून आल्यापासून पोटभर जेवतात, माझी थट्टा करतात. तुझ्याकडे आले होते का रे? काही बोलले नाहीत, पण काखेतली निळी सतरंजी मी ओळखली. लीनाचीच ना?

आज पाण्याची पाळी आमची. सहादेवभावजींना यांनी आपणहून निरोप धाडला, पाटावर एकटेच या, समोरासमोर बसून कायमचं मिटवू. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! बसायला म्हणून तीच सतरंजी घेऊन हे आत्ताच पाटाकडे गेले.

लीनाला सांग, सतरंजी धुऊन परत पाठवते.

तुझी ताई