अमरावतीचा पाचवा पट

अहो,

उभ्या आयुष्यात तुमचं नाव मी तोंडानं घेतलं नाही, तेव्हा कागदावर तरी कसं लिहू? नेहमी हाक मारत होते तशीच मारते. तुमच्यामागे कुणाला पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं, पण दोन दिवसांत घरी दोन माणसं येऊन गेली आणि दोघांनाही उत्तर द्यायचं आहे.

काल वसंतराव आले. तुमच्यानंतर अमरावतीच्या बुद्धिबळ संघाचं तेच बघतात. तुमच्या नावानं अकोल्याशी सामना ठेवायचा आहे, चांदीचा प्याला द्यायचा आहे. मला म्हणाले, "वहिनी, प्याला तुमच्या हातून द्यायचा. आणि चहा-चिवड्याचं जरा बघाल ना?" मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्यांनी विचारलं नाही.

तुम्हाला आठवतं, मला पट कुणी शिकवला? लग्नानंतरच्या उन्हाळ्यात तुमच्या शाळेला सुट्टी होती आणि तुमच्याशी खेळायला घरात कुणी नव्हतं. मी मराठी सातवी झालेली, तेव्हा एवढं समजेल असं तुम्हाला वाटलं. सासूबाई ओसरीवरून म्हणायच्या, "सून आणली का खेळायले गडी आणला?" दुसऱ्या वर्षी मी जिंकायला लागले. त्या दिवसांत तुमचं डोकं बरंच दुखायचं. मी सोंगट्या गोळा करून सुंठ उगाळायला उठायची. इतकी डोकेदुखी नंतर कधी झाली नाही तुम्हाला, नाही का?

मग ते रशियाचं वेड आलं. मुंबईहून तुमचे मित्र इंग्रजी मासिकं पाठवत आणि जेवताना तुम्ही त्यातलं मला मराठीत सांगत होतात. रशियन माणूस पटावर एकटा बसत नाही, त्याच्यामागे अख्खा संघ असतो. पहिला पट काय आणि शेवटचा काय, गुण सारखाच. देशादेशांच्या मोठ्या संघसामन्यांना रशिया जात नाही, कारण त्यांना ते श्रीमंतांचे मेळावे वाटतात. आधी आपल्या कारखान्यांत, खेड्यांत खेळणारे तयार करायचे, मग दुसऱ्याच्या दाराशी जायचं. मी भाकरी थापत ऐकत होते. खरं सांगू? मला ते पटलं होतं.

आणि तो इंग्लंड-रशियाचा सामना, बिनतारी यंत्रावरून चाली कळवून खेळलेला. त्यात पुरुषांच्या पटांबरोबर दोन पट बायकांचे होते आणि त्यांचे गुणही त्याच बेरजेत धरले होते. ते वाचून तुम्ही स्वयंपाकघरात धावत आलात. "पाहिलं? तिकडे बाई म्हणून वेगळं काही नाही." वाचनालयात तुम्ही यावर व्याख्यान दिलं. मी मागे बायकांत बसले होते. टाळ्या चांगल्या झाल्या.

त्याच वर्षी हिवाळ्यात अकोल्याला तुमचा डाव तहकूब झाला, पुढच्या रविवारी पुरा करायचा म्हणून. तुम्ही पट मांडून आठवडाभर त्याच्याकडे बघत बसलात. हत्तीनं ते एक प्यादं वाचवायची तुमची धडपड चालली होती. मी तूर निवडत होते. मी म्हटलं, "प्यादं जाऊ द्या. राजा पुढे घ्या." तुम्ही रागावलात. मग पुन्हा पटावर वाकलात. मग रात्रीचं जेवण विसरलात.

रविवारी तुम्ही राजा पुढे घेतला आणि जिंकलात. सत्कारात म्हणालात, हा विजय माझा नाही, संघाचा आहे. तहकूब डाव मिळून तपासायचा ही रशियन रीत, आणि आम्हीही तो मिळून तपासला. मग एकेकाचं नाव घेतलंत. वसंतरावांचं घेतलंत, गोविंदरावांचं घेतलंत. त्या आठवड्यात आपल्या घरी त्यांच्यापैकी कोण आलं होतं? मी वाट बघत होते. माझं नाव नकोच होतं, ते तुम्हीही तोंडानं घेत नव्हतात. "घरातून मदत झाली" एवढं म्हटलं असतं, तरी मला पुरलं असतं.

तरी ते मी गिळलं. गिळता आलं नाही ते पुढचं.

अकोल्याचा संघ आपल्या गावी आला त्या सकाळी गोविंदराव हिवतापानं अंथरुणात होते. पाचव्या पटावर आपला माणूस नव्हता. मी तिथेच होते, चहाचे पेले मांडत. अकोल्याचे आप्पा, ते संत्र्यांचे बागवाले, सरळ तुम्हाला म्हणाले, "मास्तर, तुमच्या घरी खेळनारं मानूस हाय म्हनते. बसवा न. आमचं काई म्हननं नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुम्ही बघितलं नाही. हसून म्हणालात, "ती घरी आपली गंमत म्हणून खेळते."

ठरलेली वेळ टळेपर्यंत खुर्ची तशीच राहिली. गुण अकोल्याला गेला. बाकी चार पटांवर दोन आपण जिंकलो, दोन हरलो. म्हणजे सामना त्या खुर्चीनं हरवला, आणि ती तुम्ही स्वतःच्या हातानं रिकामी ठेवली होती.

घरी येताना मी विचारलं, "मग रशियाचं काय?" तुम्ही म्हणालात, "रशियाची गोष्ट वेगळी आहे." काय वेगळी? रशिया बाहेर राहिला तो स्वतःच्या मर्जीनं. मला बाहेर कुणी ठेवलं? परक्यानं नाही. परका तर खुर्ची ओढून देत होता.

त्यानंतर आपण खेळलो नाही. तुम्ही पट काढला नाही आणि मीही काढला नाही. उन्हाळ्यात तुम्हाला विषमज्वर झाला. शेवटच्या दिवसांत शुद्धीवर होतात तेव्हा वसंतरावांचा हात धरून म्हणालात, "संघ सांभाळ." माझ्याकडे वळून म्हणालात, "आईच्या औषधाचं बघ." बघते आहे. पण मला सांगण्यासारखं तुमच्याकडे तेवढंच होतं का?

आज सकाळी अकोल्याहून आप्पा आले. तुम्ही गेलात तेव्हा त्यांना येता आलं नव्हतं. सासूबाईंजवळ बसले, तुमच्याबद्दल चांगलं बोलले. उठताना मला म्हणाले, "बाई, आमचा एक गडी नागपूरले गेला नोकरीले. तुमचं माहेर अकोलाच न? ह्या सामन्याले आमच्याकडून बसता का?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी औषधाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तो असता त त्यानं तुले जाऊ देल्लं नसतं. आता नाही तो. जा."

मी म्हटलं, "लोक बोलतील."

"बोलतीन. त्याच्या नावानं चिवडा बी खातीन अन् बोलतीन बी. तू कावून भेतं?"

तर वसंतरावांना उद्या निरोप पाठवते की प्याला दुसऱ्या कुणाच्या हातून द्या आणि चहाचंही दुसरं कुणी बघा. मी पटावर असेन, अकोल्याच्या बाजूनं. समोर वसंतराव आले तरी चालेल, गोविंदराव आले तरी चालेल. माणूस मोठा नाही, संघ मोठा, हे मी तुमच्याकडूनच शिकले. मला संघ अकोल्यानं दिला.

तुम्हाला एवढंच वचन देते. कुणाची दया म्हणून बरोबरी घेणार नाही आणि तुमचं नाव आहे म्हणून हातही आखडता घेणार नाही. तुमचा प्याला अकोल्याला नेण्यासाठी जेवढं खेळता येईल तेवढं खेळेन. राग आला तर येऊ द्या. मलाही आला होता.

तुमची,
सुमती