दोन हिरवी शून्यं

गुरुवार, १४ नोव्हेंबर. अल मजाज.

सईच्या प्रॉबॅबिलिटीच्या होमवर्कमध्ये आज रूलेटचं, म्हणजे कॅसिनोतल्या जुगाराच्या चाकाचं, गणित होतं. मिलिंद ऑफिसमधून आला तो थेट लेकीशेजारीच बसला. युरोपियन चाकात एकच हिरवं शून्य, एकूण सदतीस घरं. अमेरिकन चाकात शून्यं दोन, घरं अडतीस, पण जिंकलं तर मिळतं तेवढंच. शून्याच्या शेजारी कुठले आकडे असतात, तेही त्याने कुठे न बघता लिहिले.

"बाबा, हाउ डू यू नो ऑल धिस?"

"तिबिलिसीला दोन्ही टेबलं होती ना," म्हणाला, आणि घाईघाईने पेनाला टोपण लावायला लागला.

तिबिलिसी म्हणजे मागच्याच महिन्यातली ऑफिसची ट्रिप. गेल्या वर्षी सईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती याने. खलास, जुगार पुन्हा नाही. मी विश्वास ठेवला.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी कणीक मळत राहिले. तेव्हाच का नाही विचारलं? किती महिन्यांनी तो तिच्याशी इतका रंगून बोलत होता, म्हणून?

सईने स्केचपेनने दोन्ही शून्यं हिरवी रंगवली. "आई, बाबा इज द बेस्ट टीचर, नो?"

मी हो म्हणाले.