ब्रेकच्या रकान्यात ‘चालतंय’

३ नोव्हेंबर २००३, सोमवार
एजन्सीत रुजू होऊन महिना झाला. औषधं पोचवणाऱ्या नऊ व्हॅन, नऊ ड्रायव्हर आणि रोज सकाळी गाड्या तपासून वहीत सही करणारी मी. मालक पहिल्या दिवशी म्हणाले होते, “गाड्यांचं सगळं आता तुमच्याकडं. डिप्लोमा काय भिंतीवर लावायला केलाय?”
जुनी वही चाळली. ब्रेकच्या रकान्यात पानोपानी एकच शब्द: चालतंय. ४ नंबरच्या व्हॅनवरच्या दस्तगीरचाचांना विचारलं, म्हणजे गाडी चालते, की ब्रेक लागतो?
“ताई, चालतंय म्हंजे चालतंय की.”
सगळे हसले. मी नाही.

६ नोव्हेंबर
‘चालतंय’ लिहायला बंदी. पेडल किती खाली जातं, गाडी कुठल्या बाजूला ओढते, ते लिहायचं. चाचा: “ताईंनी शाळा घातली बगा.” पण लिहितात. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार
४ नंबरचं पेडल खोल जातंय, ही चाचांचीच तक्रार. स्वतः बसून पाहिलं. पहिल्या दाबाला जवळजवळ तळापर्यंत. दुसऱ्यांदा दाबल्यावर धरतं. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचं रबर गेलं असावं. गाडी काढू नका, मी चाचांना म्हणाले.
मालक आले. कोडोलीचा माल थांबलेला. “दोनदा दाबल्यावर लागतोय न्हवं? मग? आजचा दिवस जाऊ दे, उद्या गॅरेजला.”
चाचा माझ्याकडे बघत होते. वही माझ्या हातात.
लिहिलं: चालतंय. सही केली.

२० नोव्हेंबर
काल दुपारी, कोडोलीच्या अलीकडे. उसाचा ट्रॅक्टर वळताना आडवा आला. चाचांनी ब्रेक दाबला, लागला नाही. दुसऱ्यांदा दाबेपर्यंत कडेच्या सायकलवाल्याला धडक. मांडीचं हाड मोडलंय. शुद्धीवर आहे.
चाचांवर गुन्हा. लायसन्स पोलिसांनी ठेवून घेतलं. गाडी ठाण्याच्या आवारात.
मी जेवले. चव कळली नाही.

२२ नोव्हेंबर
मालकांनी बोलावलं. आवाज चढवला नाही. “वहीत ब्रेक चालतंय लिवलंय, सही तुमची. म्हंजे गाडी बरी हुती, ड्रायव्हर चुकला. तुमी बी सुटला, आमी बी.”
कायद्याचं पुस्तक काढलं. सदोष गाडी चालवणारा आणि ती चालवायला देणारा, दोघंही जबाबदार. देणारा कोण? मालक, की सही करणारी? दोनदा वाचलं. एकाच नावावर थांबता येईना.

२४ नोव्हेंबर
चाचा गेटबाहेर थांबले होते. चहा त्यांनीच सांगितला.
“पोलिसांना तुमचं नाव न्हाय सांगितलं, ताई. तुमी बोलला हुता की, काढू नका म्हणून.”
“ते वहीत नाही, चाचा.”
“व्हय.” बशीतला चहा संपवला. “लायसन गेलं तर मला दुसरं काय येतंय?”
मी बोलले होते, हे त्यांना पुरतं. मला पुरत नाही. १९ तारखेला जे पाहिलं ते कागदावर फक्त इथे आहे, या रोजनिशीत.

२६ नोव्हेंबर, बुधवार
ठाण्यात. हवालदारांनी वही उघडून बोट ठेवलं. “अक्षर तुमचं?”
“माझं.”
“चालतंय म्हंजे? ब्रेक लागत हुता?”
मालक शेजारच्या खुर्चीवर. माझ्या आधी तेच म्हणाले, “लागत हुता की.”
हवालदार म्हणाले, “त्यांना विचारलंय.” मग घड्याळ बघून, जबाब साहेबांसमोर, चारला.
आता साडेतीन. बाहेरच्या बाकावर आहे. मालक फोन करायला गेलेत. खरं सांगितलं तर नोकरी राहील असं नाही. माझ्यावरच गुन्हा दाखल होईल, असंही होऊ शकतं. एजन्सीची वही हवालदारांच्या टेबलावर, ही रोजनिशी माझ्या मांडीवर. १९ तारखेच्या पानात बसचं तिकीट खुणेला घातलंय.
चाचा शेजारी येऊन बसले. वाकून बघतायत.
“काय लिवताय, ताई?”
“पेडल किती खाली जातं, ते.”